चोपडी आपली, किल्ली कोणाची?

नशिराबादच्या बाजारपेठेत किराणा, कापड, बी-बियाणे अशा कोणत्याही दुकानाची पायरी चढून पाहावे. गादी, गल्ला आणि गल्ल्याशेजारची लांब लाल चोपडी हे जुने त्रिकूट आता बहुधा दृष्टीस पडावयाचे नाही. चोपडी उरली आहे ती लक्ष्मीपूजनापुरती! तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढावयाचे, वर ‘श्री’ लिहावयाचे, विडा-सुपारी ठेवून हात जोडावयाचे आणि दुसऱ्या दिवशी तिला कपाटात बंद करून संगणकाचा पडदा उजळावयाचा, हाच आता रिवाज झाला आहे. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, सारे काही त्या पेटीत गेले. एकट्या नशिराबादचीच ही कथा नव्हे. जळगावच्या दाणाबाजारापासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत साऱ्या खानदेशाने आपला हिशेब यंत्राच्या स्वाधीन केला आहे.

यात शोक करण्यासारखे काही आहे असे आम्ही मानीत नाही. यंत्राला बेरजेचा कंटाळा येत नाही आणि रात्री बारा वाजता तेरीज जुळत नाही म्हणून ते मुनिमाप्रमाणे कपाळाला हात लावीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. जुन्या चोपडीचा धनी कोण, ही शंका कधी कोणास आली नाही. कागद बाजारातून आणला, वही शिवून घेतली, की ती वही कायमची दुकानदाराची झाली. दहा वर्षांनी ती उघडावयाची वेळ आली तरी कागद विकणाऱ्याची परवानगी लागत नव्हती. एक मुनीम गेला तरी त्याचे लिखाण दुसऱ्या मुनिमाला वाचता येत असे. आजची वही ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली जाते, त्याची मूळ संहिता, जिला संगणकाच्या व्यवहारात सोर्स कोड म्हणतात, ती बहुधा ते विकणाऱ्या कंपनीच्या तिजोरीत असते. दुकानदार विकत घेतो तो केवळ वापराचा परवाना. आकडे त्याचे, कष्ट त्याचे, कराची जबाबदारीही त्याचीच. मात्र आकडे कोणत्या रीतीने मांडले व बेरजेत घेतले जातात, हे पाहण्याचा अधिकार त्याला नाही. चोपडी आपली आणि किल्ली दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

हे लिहिताना कोणा उद्योजकावर शिंतोडे उडविण्याचा आमचा हेतू नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. ‘टॅली’ हे नाव आज हिशेबाला पर्याय म्हणून वापरले जाते. श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी १९८६ साली या उद्योगाचा पाया घातला, तेव्हा भारतीय व्यापाऱ्याची रीत ओळखून त्यांनी ते काम केले. भरत गोयंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती उगाच नव्हे. कोणी आपली विद्या बंद पेटीत घालून विकतो, हा त्याचा व्यवसाय आहे आणि तो सचोटीचा असू शकतो. परंतु संबंध समाजाची जमाखर्चाची रीत एका बंद पेटीवर अवलंबून राहावी काय, हा प्रश्न व्यवसायाचा नाही, लोकहिताचा आहे.

हिशेबाची वही ज्याला वाचता येत नाही त्याची काय गत होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा क्षोभ उसळला आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावागावांत त्याची आग पसरली. त्या दंग्यांत लोकांनी प्रामुख्याने हुडकले काय? धान्याची कोठारे नव्हेत, दागिनेही नव्हेत. त्यांनी हुडकली सावकाराची कागदपत्रे, आणि ती जाळली. ज्या खतावर आपला अंगठा आहे पण ज्यातील अक्षर आपल्याला कळत नाही, तो कागद त्यांना बेडीसारखा वाटत होता. सरकारने त्यातून जो धडा घेतला तो १८७९च्या दख्खन शेतकरी मदत कायद्यात दिसतो. कर्जदाराने भरणा केल्यास त्याला लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब लिहून मिळावा, त्याच्या हाती खातेपुस्तक असावे, अशी तरतूद त्या कायद्याने केली. ज्याच्या नावावर हिशेब आहे त्याला तो तपासता आला पाहिजे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत लिहिण्यासाठी आधी गावोगाव होळ्या पेटाव्या लागल्या!

ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आता सुधारलेल्या जगात असे काही घडत नाही, असे कोणी म्हणेल. त्याने ब्रिटनकडे पाहावे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकीय व्यवस्था बसविली. तिच्यात दोष होते. शाखेच्या हिशेबात नसलेली तूट ती दाखवू लागली. उपडाकपाल टाहो फोडून सांगत होते की आम्ही पैशाला हात लावलेला नाही. पण यंत्र सांगते तेच खरे, असे धरून चालून नऊशेहून अधिक माणसांना चोरी, अफरातफर व खोटे हिशेब या आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. कित्येकांनी घरदार विकून ती काल्पनिक तूट भरून दिली. २०१० साली भारतीय वंशाच्या एका उपडाकपाल स्त्रीला गरोदर असताना तुरुंगात जावे लागले. व्यवस्थेत दोष होते, असा निवाडा न्यायालयाने दिला तो २०१९च्या डिसेंबरात. आणि बहुतेकांची शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा पार्लमेंटने केला तो २०२४ साली. पंचवीस वर्षे! संहिता खुली असती तर हा अनर्थ आपोआप टळला असता, असे आम्ही म्हणत नाही. पण आरोपीच्या वकिलाला आपला तज्ज्ञ बसवून ती संहिता पहिल्याच खटल्यात ओळीओळीने तपासता आली असती. ज्याच्यावर हिशेबाचा आरोप आहे, त्याला हिशेबाचे यंत्र उघडून पाहता येऊ नये, यापरता अन्याय कोणता?

येथेच मुक्त सॉफ्टवेअरचा विचार पुढे येतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी वापरावे, त्याची संहिता अभ्यासावी, तीत बदल करावे आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी, हे चार अधिकार वापरणाऱ्याचे असावेत, असा त्यांचा आग्रह. हिशेबाच्या क्षेत्रात याचे फळ लवकरच दिसले. ‘ग्नूकॅश’ ही घरगुती व लहान धंद्याच्या हिशेबाची दुहेरी नोंदीची व्यवस्था १९९८ पासून लोकांच्या हाती आहे. आपल्या महाराष्ट्रानेही यात हात राखून ठेवलेला नाही. कृष्णकांत माने या दृष्टिहीन संगणकतज्ज्ञाच्या पुढाकाराने मुंबईत ‘ग्नूखाता’ उभे राहिले. त्याच्या परवान्याची अट अशी की, कोणी त्यात बदल करून ते इंटरनेटवरून इतरांना वापरू देईल, तर त्याने बदललेली संहिताही त्यांना खुली केली पाहिजे. मुंबईतच २००८ साली ऋषभ मेहता यांनी सुरू केलेल्या फ्रॅपे या कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ आज देशोदेशींचे कारखाने वापरतात. त्याचीही संहिता खुली आहे. कंपनी आपले उत्पन्न मिळविते ते संहिता कुलपात ठेवून नव्हे, तर ती चालविण्याची व सांभाळण्याची सेवा देऊन.

म्हणजे प्रश्न सुटला काय? नाही, खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. आपल्या लोकांना ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ ‘फुकट’ एवढाच कळला आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची देखभाल कोणी करावयाची, हा विचार कोणाच्या मनास शिवत नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर हे काही दगडी देऊळ नव्हे की एकदा बांधले आणि शंभर वर्षे उभे राहिले. ते पाटासारखे आहे. दरवर्षी उपसले नाही तर गाळाने भरून जावयाचे.

प्रत्यक्ष उदाहरण घ्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हिशेबाचे प्रत्येक सॉफ्टवेअर नव्याने घडवावे लागले. १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटींवरील उलाढालीच्या धंद्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. ही मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले की ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. मग २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराच्या बारा व अठ्ठावीस टक्क्यांच्या पायऱ्या जवळजवळ मोडीत निघाल्या आणि पाच व अठरा या दोन मुख्य पायऱ्या राहिल्या. चैनीच्या व घातक वस्तूंसाठी चाळीस टक्के निराळे. वर्तमानपत्राला ही एका दिवसाची बातमी. पण सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला ती कित्येक रात्रींची जागरणे. कारण जुना दर पुसून नवा लिहिला की काम झाले, असे येथे चालत नाही. आदल्या दिवशीच्या बिलाला आदल्याच दिवसाचा दर राहिला पाहिजे, परत आलेल्या जुन्या मालाची नोंद जुन्या दराने व्हावयास हवी, आणि वर्षाच्या विवरणात दोन्ही दर आपापल्या जागी दिसले पाहिजेत. यात एक चूक झाली तर नोटीस येते ती दुकानदाराला. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी हे काम करते, कारण त्यासाठी ती पैसे घेते. मुक्त सॉफ्टवेअरचे हेच काम चार-दोन निष्ठावंत माणसे आपापल्या नोकऱ्या सांभाळून करीत असतील, तर ती किती वर्षे टिकतील?

ही भीती कल्पनेतील नाही. जगभरच्या असंख्य संगणकांत ‘एक्सझेड’ नावाचे माहिती आटोपशीर बांधून ठेवणारे एक लहानसे मुक्त साधन आहे. ते वर्षानुवर्षे सांभाळीत होता तो जवळजवळ एकच थकलेला माणूस. कोणी अनोळखी इसम मदतनीस म्हणून पुढे आला, दोन वर्षांहून अधिक काळ त्याने विश्वास संपादन केला आणि मग त्या साधनात चोरवाट ठेवून दिली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागल्याचे जाणवले. त्याने पाठपुरावा केला आणि चोरी उघडकीस आली. या घटनेतून दोन्ही गोष्टी शिकावयाच्या आहेत. संहिता खुली होती म्हणून एक बाहेरचा जागरूक माणूस मुळापर्यंत पोचू शकला. आणि सांभाळणारा एकटा पडला होता म्हणूनच चोराला आत शिरता आले. उघडे दार सुरक्षित राहते ते गावात जागते माणूस असेल तरच.

मुक्त सॉफ्टवेअरवर आणखी एक आक्षेप हिशेबतपासनीस घेतात, आणि तो टाकाऊ नाही. संहिता खुली म्हटल्यावर एखादा लबाड व्यापारी आपल्याच प्रतीत फेरफार करून फेरफारांची नोंद बंद करणार नाही कशावरून? करू शकेल. पण बंद पेटीत ती नोंद खरोखर प्रामाणिकपणे राहते, हे तरी तपासनीस कशाच्या आधारे सांगतो? विक्रेत्याच्या शब्दावर! खुल्या संहितेत निदान अधिकृत प्रत सर्वांसमोर असते. दुकानातील प्रत तिच्याशी ताडून पाहता येते आणि एका अक्षराचाही फरक असेल तर तो दाखवून देता येतो. विश्वासाच्या जागी रुजवात येते. आणि रुजवात हाच तर हिशेबाचा आत्मा!

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट सरकारने करावयाची. मुक्त सॉफ्टवेअरचा स्वीकार करावा आणि सरकारी सॉफ्टवेअरची संहिता खुली करावी, अशी दोन धोरणे भारत सरकारने २०१५ सालीच जाहीर केली. पुढे जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. विविध कार्यकारी सोसायटी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या याच संस्था. पीककर्जाच्या व्याजाची आकारणी ज्या सॉफ्टवेअरने होते, त्याची संहिता सभासद शेतकऱ्याच्या तज्ज्ञाला पाहता आली पाहिजे. जनतेच्या पैशातून बनते ते जनतेला वाचता आले पाहिजे. पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांचे मोर्चे कसे निघतात, हे खानदेशाने डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा हिशेब आधी उघडा असावा की दिवाळे निघाल्यावर उघडावा, याचा निर्णय आता तरी व्हावा.

दुसरी गोष्ट शिक्षणसंस्थांची. केरळने आपल्या उच्च माध्यमिक वाणिज्य शाखेच्या संगणकीय लेखाकर्माच्या अभ्यासक्रमात ‘ग्नूखाता’ला स्थान दिले. मुंबईत जन्मलेल्या या साधनाची ओळख मलयाळी मुलांना व्हावी आणि नशिराबादच्या मुलाने तालुक्याच्या शिकवणीत शुल्क भरून एका कंपनीच्या वस्तूची कळपाटी तेवढी पाठ करावी, हे आम्हांस भूषणावह वाटत नाही. जवळच्याच आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंचे नाव धारण करणारे आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ येथे पुष्कळ करू शकेल. त्याच्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी संहिता सुधारावी, वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी करनियमांशी ती ताडून पाहावी, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी तिला आपली भाषा द्यावी. ट्रायल बॅलन्सला तेरीज आणि लेजरला खतावणी हे शब्द पेशवाईच्या दप्तरापासून आपल्याजवळ तयार आहेत. नवे घडविण्याचे कष्टही नकोत!

तिसरी गोष्ट आहे व्यापाऱ्यांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. अंताजी दामोदर काळे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आजच्या व्यापारी संघटनांना एवढेही जमू नये काय? हिशेबाच्या परवान्यासाठी जो खर्च होतो, त्याचा एक अल्प अंश प्रत्येक दुकानदाराने दरवर्षी एकत्र केला, तरी दोन-चार जाणकार तरुणांना पगार देऊन जळगावातच बसविता येईल. कराचा दर बदलला की त्यांनी संहिता सुधारावी, दुकानदाराच्या अडचणी ऐकाव्यात, आणि केलेली सुधारणा साऱ्या महाराष्ट्राला खुली करावी. मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना आर्थिक पाठबळ द्यावे, हा विचार आपल्या देशातील उद्योगालाही पटू लागला आहे. शेअरबाजारातील ‘झिरोधा’ या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मोठ्यांनी मोठा वाटा उचलावा. लहानांनी आपला पैसा टाकावा. पैसा देणे जमत नसेल त्याने चूक आढळताच ती नीट लिहून कळवावी. तीही वर्गणीच आहे.

खानदेशाला हे तत्त्व परके नाही. पांझरेच्या खोऱ्यात तीन शतकांहून अधिक काळ फडपद्धती नांदली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. आणि पाणी कोणा एकाचे नव्हे, साऱ्या गावाचे. म्हणून पाट उपसण्याचे कामही साऱ्या गावाचे असे. ज्याची जमीन जितकी, तितका त्याचा वाटा. पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला गाव धान्य देई. तो गावावर उपकार करीत नव्हता आणि गावही त्याला फुकट राबवीत नव्हते. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, पाट उपसणारे हात कमी झाले आणि पुष्कळ ठिकाणी ती व्यवस्था मोडकळीस आली. पाणी मोफत होते म्हणून ती टिकली नव्हती. माणसे पाटावर येत होती म्हणून टिकली होती.

हिशेबाचा हा नवा पाट मुंबईच्या काही मराठी व अमराठी तरुणांनी खणून दिला आहे. त्याचे पाणी नशिराबादच्या शेवटच्या दुकानापर्यंत पोचू शकते. प्रश्न एवढाच आहे, की आपण नुसती ओंजळ पुढे करणार, की फावडे घेऊन पाटावर जाणार? येत्या पाडव्याला नव्या चोपडीचे पूजन कराल तेव्हा व्यापारी बंधूंनी याचा विचार करावा, आणि आपल्या संघटनेच्या पुढच्याच सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.